खालची दाढी

साकाताच्या बंदरापासून तीन गल्ल्या आत आमचं सलून.
दोन खुर्च्या होत्या, आता एक.
दुसरीच्या जागी फरशीवर चार गंजके ठसे उरलेत,
त्यातल्या एकावर मी छत्र्यांची बादली ठेवते.

एइजी दिवसभर गिऱ्हाइकांच्या दाढ्या करायचा
आणि दुकानाचा पडदा ओढला की
चौकटीच्या कागदावर मेणबत्त्या काढायचा.
भाव जिथे उघडला, जिथे मिटला, त्यांच्यामधलं ते अंग.
चढली तर लाल, घसरली तर काळी.
आणि दिवस वर जिथवर चवड्यांवर उभा राहिला,
खाली जिथवर पाय घसरून गेला,
त्या बारीक रेघांना आमच्याकडे दाढीच म्हणतात.
"म्हणजे हाही माझाच धंदा," तो म्हणायचा.

नव्या सुनेला नातलग दाखवावेत
तशी त्याने मला एकेक ओळख करून दिली.
ही पोटुशी: कालच्या थोराड अंगात आजचं इवलंसं.
हे झाकोळ: लालीवर अर्ध्यापर्यंत उतरलेलं काळं.
ही हातोडी. आणि हा, फास घेतलेला माणूस.
"पण दोघांचं तोंड एकच आहे," मी म्हटलं.
"एकच. उताराच्या तळाशी भेटला तर हातोडी,
चढाच्या टोकाला भेटला तर फास."
"आणि तळ आलाय हे कळतं कधी?"
तो वस्तरा पट्ट्यावर घासत राहिला
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

मग ती केबलवाली कंपनी. नाव घेत नाही.
आठशे बाराला त्याला हातोडी दिसली.
सातशे साठला आणखी एक, पहिलीहून देखणी.
सहाशे चव्वेचाळीसला त्याने मला झोपेतून उठवलं,
कागद दिव्याखाली धरला: "ही बघ, दाढी बघ हिची!"
खरंच लांब होती. सुंदर होती.
दुसऱ्या दिवशीची मेणबत्ती मात्र
कुणी विचारलीच नव्हती.

खुर्ची त्सुरुओकाच्या एका सलूनवाल्याने नेली.
इथे बर्फ वरून पडत नाही, समुद्रावरून आडवा येतो;
दोन माणसं ती पाठमोरी ओढत होती
आणि बसायची गादी पांढरी होत चालली होती.
त्या रात्री एइजीने झाडलेली जमीन पुन्हा झाडली.
कितीही झाडा, केसच निघायचे.

आता त्याचा उजवा हात थरथरतो.
गिऱ्हाइकं माझ्या हाताखाली मान देतात,
आधी बिचकत द्यायची, आता पेंगतात.
कागदही मीच भरते. तो मागून बघतो.
गेल्या मंगळवारी लांब काळी आली.
बुधवारी, तिच्याही खाली, एक बारकुली,
उघडली तिथेच मिटलेली, नुसती फुली.
"पहाटेची चांदणी," तो खुर्चीतून कुजबुजला.
"चांदणी दोन मेणबत्त्यांची नसते," मी म्हटलं.
"तिसरी लाल येऊ दे, भरदार येऊ दे,
काळीच्या निम्म्यावर चढू दे. मग बोल."
"तोवर भाव निघून जाईल."
"जाऊ दे. निघून गेलेल्या भावाने
अजून कुणाची खुर्ची नेलेली नाही."
तो हसला. बऱ्याच दिवसांनी, आवाज करून.

गुरुवारी लाल आली, पण रोडकी.
मी पेन्सिल ठेवली, फेस केला, त्याची दाढी करायला घेतली.
हनुवटीपाशी वस्तरा आला
तशी त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं.
"तेवढी राहू दे."
"का?"
"खाली कुठवर जाऊन आलो, दिसू दे की लोकांना."

वस्तऱ्यावरचा फेस मी टॉवेलला पुसला.
म्हटलं, शनिवारी बाजार बंद असतो.
तेव्हा बघू.